उरलेलं उद्या

पितृपक्षात घरात नवी वस्तू आणायची नसते, हे सीमंतिनीला कोणी शिकवायला नको होतं. पुराणिकांच्या घरी या पंधरवड्यात नवी केरसुणीसुद्धा येत नसे. पण जुन्या लॅपटॉपला पंचांग कुठलं कळायला! ऐन पंधरवड्यात एका संध्याकाळी त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरला, पडदा निळा पडला आणि सगळं गप्प झालं. तो पुन्हा सुरू होईपर्यंत देवापुढची वात निम्मी जळून गेली होती. त्या लॅपटॉपात तिच्या सासूबाईंचा आवाज होता. तो गेला तर तिचा नेम मोडणार होता.

नेम म्हणजे कुलदेवीचं एक स्तोत्र, रोज दिवेलागणीला, खंड न पडता. पुराणिकांचे पूर्वज शिंद्यांच्या पाठोपाठ दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले तेव्हा त्यांच्यातल्या कुणा बाईने ते तोंडात घेऊन आणलं, आणि तेव्हापासून ते घरातल्या बायकांच्या तोंडातच राहिलं. कागदावर लिहायचं नाही, हा त्याचा दंडक. म्हणून ते शब्द इथेही येणार नाहीत. सासूने सुनेला किंवा आईने लेकीला संथा द्यायची. सांगणारीने एक चरण म्हणून थांबायचं, शिकणारीने तो दोनदा म्हणायचा, चुकला तर पुन्हा. शेवटचं कडवं सगळ्यांत मागून, कानात, आणि एका वेळी एकीलाच. ते दिलं की संथा पुरी झाली, शिकणारी मोकळी.

सीमंतिनी लग्न होऊन शिंदे की छावनीतल्या या घरात आली तेव्हा इंदरगंजच्या एका शाळेत शिकवत होती. दिवसभर शाळा, घरी आल्यावर स्वयंपाक. संथेला वेळ कुठला? वर्षं तशीच गेली. लेक यशश्री कॉलेजात गेली, तिचा लॅपटॉप घरात आला, आणि सासूबाईंनी, इंदुताईंनी, स्वतःच तोड काढली. त्या सोवळ्यात देवघरात बसल्या, दार आतून लावून घेतलं आणि लॅपटॉपपुढे अख्खी संथा सांगितली. चरण म्हणायच्या, थांबायच्या, पुढचा म्हणायच्या. सूनबाईने आपल्या सवडीने ऐकावं आणि मोकळ्या जागेत म्हणावं.

त्या आवाजाची एक गंमत होती. मधेच कुठे तरी इंदुताई म्हणायच्या, "हं. पुन्हा. घाई नको." आणि नेमकं तिथेच सीमंतिनीचं चुकलेलं असायचं. समोर नसताना सासूबाईंना कसं कळलं असेल, याचं तिला कोण कौतुक! आणि शेवटच्या कडव्यापाशी आल्या की त्या थांबायच्या. बराच वेळ काही नाही. मग अगदी हळू, "आज इतकंच. उरलेलं उद्या."

ते उरलेलं त्यांनी जायच्या थोडे दिवस आधी सीमंतिनीच्या कानात दिलं. देताना तिचं मनगट धरून म्हणाल्या, "दिवेलागण चुकवू नको हो, सीमा. वाट पाहणाऱ्याला ताटकळत ठेवू नये. आणि तुझ्यामागे कोण म्हणेल, ते तू बघ."

वाट पाहणारी ती देवी, असंच सगळ्यांनी धरलं. तुझ्यामागे कोण, हे मात्र सीमंतिनीच्या मनात अडकून राहिलं. यशश्री नोएडाला नोकरीला लागली होती आणि तिने केव्हाच हात जोडले होते. "आई, मेरे बस का नहीं है ग. तू उगाच आस लावून बसू नको." आणि खुद्द सीमंतिनीचं तरी काय? शाळेतून निवृत्त झाली तरी एकटीने म्हणायला बसली की मधली कडवी एकमेकांत मिसळायची. सासूबाईंच्या आवाजाचं बोट धरलं तरच ती पैलतीराला जायची. तो आवाज गेला तर स्तोत्र तिच्याच तोंडात संपणार होतं.

म्हणून पितृपक्ष असूनही नवा लॅपटॉप आला. यशश्रीनेच मागवून दिला, आणि स्वतः वापरते त्या कंपनीचा.

"विंडोजची कटकट संपव एकदाची," ती फोनच्या पडद्यावरून म्हणाली. सीमंतिनीने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता, त्यामुळे लेक जरा तिरकी दिसत होती. "हा वर्षानुवर्षं हलणार नाही. पंखासुद्धा नाही यात. आवाजच नाही."

सीमंतिनीच्या नवऱ्याने, भालचंद्रांनी, चष्मा कपाळावर चढवून खोकं न्याहाळलं. "सर्वपित्रीपर्यंत दम निघाला नाही का ग तुम्हा मायलेकींना? पितर म्हणतील, आम्ही इतक्या लांबून जेवायला आलो आणि ही मंडळी खोकी फोडून राहिली."

"असं बोलू नये हो," सीमंतिनी हळूच म्हणाली. ती नेहमी हळूच बोलायची. तिने नव्या लॅपटॉपच्या पाठीवर हळदीकुंकवाचं बोट टेकवलं आणि चिमूटभर अक्षता घेतल्या.

"आई! कीबोर्डवर अक्षता नको हं! मागच्या वेळेस एक बटन कायमचं अडकलं होतं, याद है?"

"पाठीवर वाहते ग. रागावू नको."

लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्यावर निरनिराळ्या भाषांत नमस्कार उमटत गेले. सीमंतिनीने मराठी निवडली तेव्हा तिला बरं वाटलं. मग मात्र एकेक करून सगळं हाताखालून निसटायला लागलं.

"बंद करायची फुली कुठे आहे ग?"

"फुली नाही. लाल टिंब. डावीकडे बघ."

"डावीकडे?"

"हो, डावीकडेच. कंट्रोल विसर आता, त्याच्या बाजूचं दुसरं बटन दाब. और पान खाली न्यायचं असेल तर बोटं वर ने."

"म्हणजे सगळं उलटंच की."

"त्यात काय एवढं?" भालचंद्र बेडईच्या पुरीचा तुकडा बटाट्याच्या रश्शात बुडवत म्हणाले. "श्राद्धाला जानवं या खांद्यावरून त्या खांद्यावर नेतात ना? सव्याचं अपसव्य. तसं समजायचं."

यशश्री खदखदून हसली. सीमंतिनीला हसू आलं नाही. उजव्याचं डावं फक्त पितरांच्या कामात करतात. बोटं वर नेली की पान खाली जात होतं, आणि तिला उगाचच वाटत राहिलं की आपण काही तरी बोलावतो आहोत.

जुन्याशेजारी नवा ठेवला. वाय-फायवरून एकातलं सामान दुसऱ्यात जायला लागलं. जुना धापा टाकत होता, नवा मख्खपणे घेत होता. सासूबाईंची फाइल आली तेव्हा नव्याने विचारलं, आवाज स्वच्छ करायचा का? मागचा गोंगाट काढून टाकायचा का?

"कर की," यशश्री म्हणाली. "आजीच्या रेकॉर्डिंगमध्ये तो पंखाच किती घरघरतो. ते सगळं जाईल, सिर्फ आवाज रहेगा."

स्वच्छ करण्यात वाईट ते काय असणार? सीमंतिनीने होकाराचं बटन दाबलं.

दुपारी सिटी सेंटरच्या दुकानातला माणूस जुना लॅपटॉप बदल्यात न्यायला आला. यशश्रीने सांगितलं तसा तो आधीच पुसून कोरा केला होता. सीमंतिनीने त्याला हात लावून नमस्कार केला. माणूस जरा गोंधळला आणि त्यानेही घाईघाईने कपाळाला हात लावला.

"बघ," भालचंद्र म्हणाले, "आईचं बिऱ्हाड हललं."

त्या संध्याकाळी देवघरात सासूबाईंचा आवाज इतका जवळून आला की सीमंतिनीने पदर सावरला. घरघर गेली होती. श्वास घेतलेला कळत होता, ओठ सुटल्याचा आवाज कळत होता. चरण संपला आणि मोकळी जागा आली. इतकी वर्षं त्या जागेत पंखा असायचा. आता तिथे नुसती खोली उरली होती, पाणी काढलेल्या हौदासारखी. सीमंतिनीने चरण दोनदा म्हटला आणि ती थांबली.

तिचं म्हणून झालं होतं. चरणाचं शेवटचं अक्षर मात्र अजून संपायचं होतं.

ती दचकली, पण तोवर सासूबाई पुढच्या चरणावर गेल्या होत्या. नवीन यंत्र आहे, घुमत असेल, असं तिने मनाला समजावलं. तरी त्या दिवशी तिने सगळं जरा मोठ्याने म्हटलं. मधे कुठे कान द्यायला जागा राहू नये, इतक्या मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी सकाळी भालचंद्र श्राद्धाच्या सामानाला इंदरगंजला गेले. सीमंतिनी जेवणघरात अळूची पानं पुसत बसली होती. कालची शंका मनातून जात नव्हती. स्तोत्र अवेळी लावायचं नाही, हे तिला माहीत होतं. पण एकदा आपण न म्हणता नुसतं ऐकून बघावं, म्हणजे घुमतं की काय ते कळेल. देवीची मनातल्या मनात क्षमा मागून तिने लॅपटॉप समोर घेतला आणि आवाज सुरू केला.

सासूबाईंनी पहिला चरण म्हटला आणि त्या थांबल्या.

सीमंतिनी गप्प बसली होती. हातात अळूचं ओलं पान होतं.

मोकळ्या जागेत कुणी तरी तो चरण म्हटला. लहान मुलीचा आवाज होता. बारीक, जरासा बसलेला, सर्दी झालेल्या पोराचा असतो तसा. तिने तो शहाण्यासारखा दोनदा म्हटला. सासूबाईंनी पुढचा चरण सांगितला. मुलीने तोही दोनदा म्हटला.

पान खाली पडलं ते सीमंतिनीला कळलं नाही. तिसऱ्या कडव्यात एक जोडाक्षर आहे, तिथे तिची जीभ नेहमी अडखळायची. मुलगी तिथे आली, अडखळली, अक्षर गिळून पुढे पळायला लागली.

"हं," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा. घाई नको."

म्हणजे इतकी वर्षं तिला जे अंतर्ज्ञान वाटलं होतं, ते हे. सासूबाईंनी सुनेची चूक ओळखलीच नव्हती. चुकणारी समोर बसलेली होती.

आणि तेव्हाच पडद्यावर अक्षरं दिसायला लागली. या लॅपटॉपाला ऐकलेलं लिहून काढायची खोड होती. सीमंतिनीने मराठी निवडली होती, म्हणून ते मराठीत उमटत होतं. डावीकडे 'वक्ता १' आणि त्यापुढे चरण. त्याखाली 'वक्ता २' आणि पुन्हा तोच चरण, आणि पुन्हा तोच. कुळात कुणी कधी कागदाला लावला नव्हता तो शब्दन् शब्द काळ्यावर पांढरा होऊन वर सरकत होता. आवाज अजून मधल्या कडव्यातच होता, पण अक्षरं त्याच्या पुढे धावत गेली, आणि बघता बघता शेवटापर्यंत पोहोचली.

वक्ता २: आणि शेवटचं?

त्यानंतर बरीच मोकळी जागा होती.

वक्ता १: आज इतकंच. उरलेलं उद्या.

सीमंतिनीला कशाची भीती जास्त वाटली, ते तिला पुढेही नीट सांगता आलं नाही. त्या मुलीची, की त्या अक्षरांची. पण मुलीचं काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं आणि अक्षरांचं ठाऊक होतं. लिहिलं गेलं, तर पुसायचं. तिने पुसायचं बटन दाबलं. अक्षरं गेली, आवाज मधेच तुटला. कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याचं चित्र भरलेलं दिसायला लागलं. तिने तो डबा उघडून पाहिला आणि तिच्या अंगावर काटा आला. देवीचं स्तोत्र कचऱ्यात पडलं होतं! लॅपटॉपने विचारलं, कायमचं काढून टाकायचं? मग परत मिळणार नाही. तिने हो म्हटलं. कचऱ्यात तर ठेवायचं नव्हतं.

मग ती बराच वेळ कानावर हात ठेवून बसून होती. हात काढले तेव्हा खालून भाजीवाल्याची हाक येत होती, आणि कुठल्याशा घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की अक्षरांबरोबर आवाजही गेला.

"आई, कचऱ्यातून तर परत काढता आलं असतं ग!" यशश्री ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ओरडली. "तू रिकामाच का केलास? किसने बोला था?"

"कचऱ्यात कसं ठेवू, बाळ?"

"दुसरीकडे कुठे नाही का ते? फोनवर?"

"कुठे असणार? बाहेर जाऊ द्यायचं नाही म्हणून मीच तुला दिलं नव्हतं." सीमंतिनी म्हणाली. "आणि यशू, त्यात कुणी तरी मुलगी होती ग. आजीच्या मागून म्हणत होती."

"तूच असशील ती. तू शिकत होतीस ना?"

"मी शाळेत होते. आजी एकट्याच होत्या. दार आतून लावलेलं होतं."

यशश्रीने बॉस बोलावतो आहे म्हणून फोन ठेवला, पण ठेवताना तिचा आवाज उतरला होता.

भालचंद्र पत्रावळी आणि काळे तीळ घेऊन आले. सीमंतिनीने त्यांना सगळं सांगितलं, एकही शब्द न वाढवता. ते चेष्टा करतील असं तिला वाटलं होतं. ते खुर्चीत बसले आणि पिशवी मांडीवरच राहिली.

"बसलेला आवाज होता?" त्यांनी विचारलं.

"हो. सर्दी झाल्यासारखा."

"सुमनताई," ते म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "माझी थोरली बहीण. मी रांगत होतो तेव्हा गेली, मला काही आठवत नाही. आत्याने सांगितलं होतं एकदा, आईच्या नकळत. आई तिला संथा देत होती. पोर हुशार होती, शेवटचं कडवं तेवढं राहिलं होतं. मग थंडीत तापली. अंथरुणातून सारखी म्हणायची, शेवटचं दे, शेवटचं दे. आई म्हणायची, बरी हो, मग देईन. उद्या देईन." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "आत्या म्हणायची, आईला भीती होती की शेवटचं दिलं की पोर मोकळी होईल आणि जाईल. न देताही गेलीच की."

"गेल्या कुठे," सीमंतिनी म्हणाली. बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं.

भालचंद्र खिडकीबाहेर बघत राहिले. "आईने कधी नाव काढलं नाही तिचं. फोटोसुद्धा ठेवला नाही. मला वाटायचं, विसरली." मग ते बायकोकडे वळले. इतक्या वर्षांत ते तिच्याशी असे कधी बोलले नव्हते. "सीमा, तुला येतं ना शेवटचं? देऊन टाक तिला. पंधरवडाही तोच आहे. सुटेल बिचारी."

"पण आवाजच गेला हो. मला मधलं नीट येत नाही. तिथवर पोहोचायचं कसं?"

"बसून तर बघ."

दिवेलागण झाली. सीमंतिनीने हातपाय धुतले, सोवळं नेसली, निरांजन लावलं. लॅपटॉप रोजच्या चौरंगावर रोजच्यासारखा उघडून ठेवला. त्यात आता काही नव्हतं. पण जागा रिकामी ठेवायला तिचं मन धजेना. पडदा काळा होता. त्यात निरांजनाची ज्योत दिसत होती, आणि तिच्यामागे तिचा स्वतःचा चेहरा.

डोळे मिटून तिने पहिला चरण म्हटला, आणि सवयीने ती थांबली. नेहमी इथे ती मागून म्हणायची. आज पुढे कोणी नव्हतं, तर मागून कोण म्हणणार?

चौरंगाच्या बाजूने चरण परत आला. बारीक, जरासा बसलेला. दोनदा.

सीमंतिनीने डोळे उघडले नाहीत. मांडीवर धरलेल्या हातांची नखं तळव्यांत रुतली. तिने दुसरा चरण म्हटला. तो परत आला. तिसरा म्हटला. हळूहळू तिला एक नवल जाणवायला लागलं. तिचं काहीच मिसळत नव्हतं. मागून म्हणताना जे वाळूसारखं निसटायचं, ते सांगताना आपोआप ओळीने येत होतं. कुणी तरी आपल्या तोंडाकडे बघत बसलं आहे म्हटल्यावर जीभ चुकायला धजावत नव्हती. दुसरं कडवं झालं. तिसरं आलं. जोडाक्षरापाशी ती बारीक जीभ अडखळली आणि पळायला लागली.

"हं," सीमंतिनी म्हणाली. "पुन्हा. घाई नको."

आपल्याच तोंडून सासूबाईंचा सूर निघालेला ऐकून तिच्या पाठीतून थंड शिरशिरी गेली. पण मुलीने पुन्हा म्हटलं, आणि या खेपेला बरोबर म्हटलं, आणि सीमंतिनीच्या पोटात कुठे तरी खोलवर माया दाटून आली. किती वर्षं तिने वाट पाहिली होती, की कुणी तरी असं समोर बसावं, आपण एक चरण सांगावा आणि त्या तोंडाने तो घ्यावा! लेकीने हात जोडले होते. भाच्या, पुतण्या हसून उठून गेल्या होत्या. आणि ही इथे होती. रोज होती. पंख्याच्या घरघरीमागे, सीमंतिनीच्याच आवाजाखाली, एक दिवस न चुकता.

पुढची कडवी कशी गेली ते कळलं नाही. निरांजन तेवत होतं, दाराबाहेर भालचंद्रांची सावली हलत नव्हती. सीमंतिनीने शेवटून दुसरं कडवं सांगितलं. मुलीने ते स्वच्छ म्हटलं. मग खोलीत काही उरलं नाही.

"आणि शेवटचं?" ती म्हणाली.

स्तोत्राबाहेरचे दोनच शब्द. कुणाही पोरीने विचारावेत तसे, जरा मान वाकडी करून.

सीमंतिनीने शेवटच्या कडव्यासाठी श्वास घेतला. सासूबाईंनी मनगट धरून कानात घातलेलं पहिलं अक्षर तिच्या ओठांवर आलं. ती देणार होती. देवीची शपथ, देणारच होती. पण त्या एका श्वासात तिला उद्याची संध्याकाळ दिसली. हेच निरांजन, हाच चौरंग. ती पहिला चरण म्हणेल, थांबेल, आणि थांबूनच राहील. परवाही. तेरवाही. तिच्या तोंडून निघालेलं भिंतीवर आपटेल आणि परत येणार नाही.

तिने ओठ मिटून घेतले.

मुलगी वाट पाहत होती. तिला वाट पाहायची सवय होती.

"आज इतकंच," सीमंतिनी अगदी हळू म्हणाली. "उरलेलं उद्या."

ज्योत हलली नाही. कुणी रडलं नाही, कुणी हट्ट केला नाही. नुसता एक लहानसा श्वास सुटल्यासारखं झालं, आणि चौरंगावरचा पडदा आणखी काळा झाला. सीमंतिनीने देवीला नमस्कार केला, पण तिला वर बघवेना.

ती बाहेर आली तेव्हा भालचंद्र दाराशीच होते. त्यांचे डोळे ओले होते. काय ऐकलं, किती ऐकलं, ते त्यांनी सांगितलं नाही. ते फक्त तिच्याकडे बघत राहिले, आणि तिने सोवळ्याचा काठ बोटांत धरून मान खाली घातली. मग ते बाहेरच्या खोलीत गेले. दिवा लावल्याचा आवाज आला नाही.

फोन वाजत होता. साखरेच्या डब्याला टेकलेल्या पडद्यावर यशश्री दिसली, या खेपेला सरळ.

"आई, ऐक ना. माझं चुकलंच. दिवसभर कामात मन नव्हतं." तिने नाक ओढलं. "मी शिकते ते स्तोत्र. सच्ची. तू रोज संध्याकाळी फोनवर एक एक ओळ सांग, मी मागून म्हणेन. आजपासून सुरू करायचं का? बोल ना."

याच एका वाक्यासाठी सीमंतिनीने किती उपास केले होते, ते देवीलाच ठाऊक. तिने पडद्यावरच्या लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तिची नजर देवघराकडे गेली. चौरंगावर लॅपटॉप तसाच उघडा होता. तो मिटून ठेवायला ती विसरली होती, किंवा विसरली नव्हती.

शेवटचं कडवं एका वेळी एकीलाच देता येतं. आणि आधी जी बसली आहे, तिच्या पुढ्यातून उठून दुसरीला कसं सांगायचं?

"आई? आवाज येतोय ना?"

"येतोय, बाळ," सीमंतिनी म्हणाली. तिचा हात फोनवरून पुसल्यासारखा फिरला. "बघू. तू जेवून घे आधी. घाई नको."